तीन मिनिटं लागतील

आलं पुन्हा.
‘प्रिय भागीदार, तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे.
फक्त तीन मिनिटं लागतील.’

एप्रिलची दुपार. लकडगंज.
आरामशीनच्या मागे माझं गोडाऊन,
पत्र्याखाली चव्वेचाळीस,
आणि मी विकतो काय, तर गारवा:
वाळ्याच्या ताट्या, कूलरचे पॅड,
तीनचा सेट, जाळीसकट.
बोट घामानं ओलं, स्क्रीन त्याला ओळखत नाही,
तरी विचारते,
आमच्यासोबत तुम्हाला किती आपलेपणा वाटतो?
एक ते पाच.

मागच्या वर्षी मी सगळं भरलं होतं,
रात्री जेवणानंतर, चष्मा पुसून, मनापासून.
लिहिलं की मालपरतीला सात दिवस पुष्कळ झाले,
वाढवू नका. लोक नवा सेट मागवतात
आणि त्याच खोक्यात परत पाठवतात जुना,
बोअरच्या पाण्यानं पांढरा पडलेला, कुजका.
कारण: ‘वर्णनाप्रमाणे नाही.’
एकात तर पाल निघाली होती, वाळून कागद झालेली.
ते लिहायचं होतं.
पण चौकट दोनशे अक्षरांवर थांबली,
पालीपर्यंत मी पोचलोच नाही.

पंधरा दिवसांनी मुदत झाली दहा दिवस.
वर पत्र: ‘तुम्ही सांगितलंत, आम्ही ऐकलं.’

टेलिफोन एक्स्चेंज चौकात, चहाच्या गाड्यावर
गांधीबागेतला हेडाऊ म्हणाला,
(सुती लुगडी विकतो, बोलतो मोजकं)
‘तारीख काढली, पत्रिका छापल्या, हॉल बुक केला,
अन् आता पोरीले विचारून राहिले,
पसंत हाय का बाप्पा?’
शकील बशीत चहा ओतत होता.
‘मी तर सगळ्याले तीन देतो,’ म्हणाला.
‘एक दिला तं नजरेत येतो.
पाच दिला तं फी वाढवतेत.
तीन म्हंजे, आपण त्या गावचेच नाही.’
आम्ही हसलो.
हसताना हेडाऊनं खिशातला फोन चाचपला,
ऑर्डर तर आली नाही ना.

या वेळचा प्रस्ताव असा:
ऑर्डर आली की चार तासांत पॅक,
रविवार धरून.
हा बदल तुम्हाला
आवडेल, खूप आवडेल, सांगता येत नाही.
‘नाही’ला गोल नव्हता.
मी वर सरकवलं, खाली सरकवलं,
कदाचित माझ्या फोनची काच तडकली आहे तिथे असेल.

फोन तसाच हातात धरून
मी आत गेलो. बेबीनंदा जाळीला तार आवळत होती,
केसांत, भुवयांवर वाळ्याची कुसळं.
म्हटलं, बेबीनंदा, एक विचारायचं होतं,
सीझन आहे, रविवारी यायला जमेल का तुम्हा दोघींना?
तुझं काय मत?
माझा आवाज मला ओळखू आला नाही.
गोड होता. त्या पत्रासारखा.

तिनं तार दातानं धरली,
पीळ दिला, सोडली,
मग वर न पाहता म्हणाली,
‘दादा, विचारून राहिले का सांगून राहिले?’

पलीकडे आरामशीन लाकडात शिरली
आणि उत्तराची गरज
तेवढ्यापुरती टळली.

टेम्पोवाल्या गभण्याला मी सकाळीच
रविवारचं सांगून ठेवलं होतं.

बाहेर येऊन त्याला फोन लावला.
राहू दे म्हटलं, अजून नक्की नाही.
तो चिडला: ‘मी दुसऱ्याचं भाडं सोडलं ना, भाऊ.
आधीच विचारायचं असतं.’

तीन मिनिटं केव्हाच होऊन गेली होती.
स्क्रीन काळी झाली, तिच्यात पत्रा दिसला,
पत्र्याखाली मी.
दाबलं, तर उजळून पुन्हा तेच,
एक ते पाच.
आतून तार ओढल्याचा आवाज,
एक, मग बराच वेळ काही नाही,
मग एक.